झॅकरी रिशार कसे ऐकावेत: पेटीची सवय असलेल्या कानांसाठी

आधी पेटी काढा. घरात नसेल तर दोन दिवसांसाठी कुणाची मागून आणा. झॅकरी रिशार हे अमेरिकेतल्या लुइझियाना राज्याचे केजन (म्हणजे तिथल्या मूळ फ्रेंच बोलणाऱ्या समाजातले) गायक-कवी मला कळले ते पेटीमुळे, आणि ज्यांच्या बोटांना पेटी ठाऊक आहे त्यांना ते माझ्यापेक्षा लवकर कळतील.

पांढरी एक हा षड्ज धरा. भाता दाबत असताना फक्त सा, ग, प वाजवा. आता भाता अगदी थांबवा, आवाज मरू द्या, मग पुन्हा हवा देऊन रे, म, ध, नि वाजवा. सा वरून रे वर जाताना मध्ये झटका बसलाच पाहिजे. रे वरून ग वर येताना पुन्हा झटका. अशी सरळ सारेगम चार-पाच वेळा वाजवून बघा. हाताला चमत्कारिक वाटेल, पण पाचव्या खेपेला लक्षात येईल की पाय आपोआप हलायला लागलाय.

केजन अकॉर्डियन असंच चालतं. बटणांची एकच ओळ, एकूण दहा बटणं. भाता दाबला की एका बटणातून एक स्वर निघतो, ओढला की त्याच बटणातून दुसरा. दाबताना सा-ग-प, ओढताना रे-म-ध-नि. म्हणून साधी धून वाजवायची तरी भात्याला सारखं आत-बाहेर करावं लागतं आणि प्रत्येक आत-बाहेरीला एक धक्का बसतो. आपल्या पेटीत भाता फक्त हवा भरतो, ताल तबल्याकडे असतो. यांच्याकडे अर्धा ताल भात्यातच आहे. माझे बाबा कुडाळकडे दशावतारात पायपेटी वाजवायचे. त्यांना फोनवर ऐकवलं तेव्हा ते म्हणाले, "ह्यो पेटीकार नाचता नाचता वाजवता." बसून वाजवणाऱ्याबद्दल ते बोलत होते, आणि तरी बरोबर होतं.

आणखी एक गोष्ट पेटीवाल्यांनाच चटकन ऐकू येईल. आपल्या पेटीचा गंधार गाणाऱ्याच्या गळ्याला जरा चढा लागतो, ही तक्रार जुनी आहे. केजन वाद्य घडवणारे कारागीर रीड घासून हा गंधार थोडा उतरवून घेतात. त्यामुळे दाबताना सा-ग-प एकत्र वाजले की ते एकमेकांत मिसळून जातात, खरखर राहत नाही. शिवाय पांढरी एकचं वाद्य घेऊन पांढरी पाच हा षड्ज मानून वाजवायचीही इथे पद्धत आहे. तसं केलं की शुद्ध निषाद वाद्यात उरतच नाही, कोमलच मिळतो. शेजारचं फिडल (म्हणजे व्हायोलिनच) मात्र हवा तो निषाद घेऊ शकतं. केजन गाण्यात कधी कधी अचानक खमाजाची सावली पडल्यासारखी वाटते, तिचं एक कारण हे आहे. ती शोधायची सवय लावा.

पहिला दिवस एवढ्यावरच घालवा. रिशार अजून लावू नका.

दुसऱ्या दिवशी शंभर वर्षं मागे जा. पहिली केजन रेकॉर्ड एप्रिल १९२८ मध्ये न्यू ऑर्लिन्सला झाली: जो फाल्कन अकॉर्डियनवर आणि गळ्यावर, क्लेओमा ब्रो गिटारवर. पुढच्या वर्षी आमेदे आर्दवाँ या क्रिओल, म्हणजे तिथल्या फ्रेंच बोलणाऱ्या कृष्णवर्णीय समाजातल्या, वादकाने डेनिस मगी या गोऱ्या फिडलवादकाबरोबर रेकॉर्डिंग केलं. ही दोन्ही ध्वनिमुद्रणं सहज मिळतात. आवाज खरखरीत आहे, गायक फार वरच्या पट्टीत, जवळजवळ ओरडून गातात. बिचकू नका. माइक नसलेल्या घरात लोक नाचत असताना, त्यांच्या पायांच्या आवाजावर चढून गाणं पोचवायचं होतं. आमच्या दशावतारी नटांचा गळा असाच बनलेला असतो, म्हणून मला तो परका वाटला नाही. आर्दवाँचं एकच गाणं तीन वेळा ऐका: एकदा आवाज, एकदा भाता, एकदा फक्त फिडल.

आता थोडा इतिहास. तो नसेल तर रिशार नुसते एक गोड आवाजाचे गायक वाटतील.

आजच्या कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाला आणि आसपासच्या मुलखाला तेव्हा अकेडिया म्हणत. तिथे फ्रेंच शेतकरी समुद्राला बांध घालून खाजण शेती करत होते. (कोकणातल्या माणसाला हे वेगळं समजावायला नको.) १७५५ साली इंग्रजांनी त्यांना जहाजांत कोंबून हाकललं, घरं जाळली, कुटुंबं तोडली. या विस्थापनाला ते लोक 'ग्राँ देराँजमाँ' म्हणतात. त्यातला एक जथा १७६५ मध्ये लुइझियानात पोचला, १७८५ मध्ये फ्रान्सहून सात जहाजं भरून आणखी सुमारे सोळाशे माणसं आली. 'अकेडियन'चं बोलता बोलता 'केजन' झालं. फ्रेंच घरात, शेतात, नाचाच्या रात्री टिकून राहिली. मग १९२१ च्या राज्यघटनेने शाळांत इंग्रजीच चालेल असं ठरवलं आणि पोरांना फ्रेंच बोलल्याबद्दल शिक्षा होऊ लागल्या.

मी लुइझियानात राहायला आले तेव्हा आमच्या शेजारी एक आजी राहायच्या. इथे आजीला 'मॉमॉ' म्हणतात, मीही तसंच म्हणायची. त्यांनी शाळेत "मी शाळेच्या आवारात फ्रेंच बोलणार नाही" हे वाक्य शेकडो वेळा लिहिलं होतं. स्वतःच्या मुलांना त्यांनी फ्रेंच शिकवली नाही. मी पुण्यात फ्रेंच शिकून आले होते, तर पहिल्या आठवड्यात मोठ्या हौशीने त्यांच्याशी बोलायला गेले. त्या गप्प झाल्या. नंतर म्हणाल्या, "तुझी चांगली फ्रेंच आहे, आमची वाईट." हे ऐकून माझ्या पोटात कालवलं, कारण शाळेत मालवणी बोलले म्हणून मीही बाकावर उभी राहिले आहे, आणि मीही पुण्याला गेल्यावर पाहुण्यांसमोर मालवणी बंद केली होती.

म्हणून तिसरी पायरी: तुम्ही फ्रेंच शिकला असाल तर ती बाजूला ठेवा. रिशार यांची फ्रेंच पुस्तकाची नाही. पॅरिसची कोळंबी 'क्रेव्हेत', इथली 'शेव्हरेत'. तिथे मोटारीला 'व्हुआत्यूर', इथे 'शार'. 'आता'साठी 'आस्तर', 'इथे'साठी 'इसित', 'का'साठी 'क्वा फेर'. फ्रेंच मुळीच येत नसेल तर उलट बरं, एवढे पाच शब्द कागदावर लिहून ठेवा. गाण्यात त्यातला एखादा निसटून येतो, तिथे गायकाचं घर दिसतं.

आता रिशार.

जन्म ८ सप्टेंबर १९५०, लुइझियानातल्या लफायेट शहराला लागून असलेल्या स्कॉट या गावी. आजी-आजोबा फ्रेंच बोलणारे, बाहेरचं जग इंग्रजी. न्यू ऑर्लिन्सच्या टुलेन विद्यापीठातून १९७२ मध्ये पदवी घेतली आणि न्यूयॉर्कला जाऊन इलेक्ट्रा या रेकॉर्ड कंपनीशी करार मिळवला. 'हाय टाइम' नावाचा अल्बम ध्वनिमुद्रित झाला, पण प्रसिद्ध झाला नाही. मात्र आगाऊ मिळालेल्या पैशातून त्यांनी एक केजन अकॉर्डियन विकत घेतलं. हा अल्बम आत्ता ऐकू नका, शेवटी ऐका. का ते सांगते.

सुरुवात 'बायू दे मिस्तेर'पासून करा, १९७६. त्यात 'रेव्हेय' आहे, म्हणजे 'जागे व्हा'. पिकं जाळायला इंग्रज येताहेत, उठा, अशी ती हाक आहे. १७५५ ची हाक विशी ओलांडलेला पोरगा देतोय. पहिल्यांदा भाषा विसरून ऐका, नंतर शब्द समोर ठेवून. इंग्रजांना तो जे नाव देतो ते 'गॉडॅम'. शिवी ज्यांच्या तोंडून ऐकली त्यांचंच ती नाव होऊन बसली. हे गाणं मॉमॉंना ऐकवलं तेव्हा त्या चिडल्या. "एवढं ओरडायला काय झालं?" त्यांच्या पिढीला या गाण्याने अवघडल्यासारखं होतं, हे मला तेव्हा समजलं, आणि ते समजून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. रिशार ज्यांच्यासाठी गात होते, त्यातल्या पुष्कळांना आपल्या बोलीबद्दल लाजायला शिकवलेलं होतं. घरी टाळ्या मिळाल्या नाहीत असं नाही, पण श्रोता मोठ्या संख्येने मिळाला तो दूर उत्तरेला, कॅनडातल्या फ्रेंच बोलणाऱ्या क्वेबेक प्रांतात. ते माँट्रियलला राहायला गेले. १९७८ च्या 'मिग्रास्याँ'ला कॅनडात गोल्ड रेकॉर्ड मिळाली. लुइझियानातलं एक पारंपरिक गाणं, 'काम करणं फार कठीण' अशा सुरुवातीचं, त्यांनी आपल्या पद्धतीने बांधलं आणि ते फ्रान्समध्ये ज्युलियाँ क्लेर यांनीही गायलं.

'मिग्रास्याँ' सलग ऐका, तुकड्यांत नको. संध्याकाळी स्वयंपाक करताना लावला तरी चालेल. मी भाताला आधण ठेवून ऐकते. नाहीतरी हा सगळा मुलूख भाताचा आहे. लफायेटच्या पश्चिमेला क्राउलीच्या बाजूला मैलोन्मैल भातशेती, आणि पीक काढल्यावर त्याच खाचरांत पाणी सोडून क्रॉफिश (गोड्या पाण्यातली छोटी शेवंडच) वाढवतात.

यानंतर बहुतेक चाहते अठरा वर्षं ओलांडून थेट १९९६ ला येतात. तसं करू नका. माझा आग्रह इथे सर्वांत जास्त आहे.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला रिशार लुइझियानाला परतले. आता गंमत बघा: गावी परतले आणि इंग्रजीत गाऊ लागले. १९८८ चा 'झॅक्स बाँ ताँ', १९८९ चा 'मार्डी ग्रा मॅम्बो', मग मोठ्या कंपनीकडून १९९० चा 'विमेन इन द रूम' आणि १९९२ चा 'स्नेक बाइट लव्ह'. घरी आले, पण घरच्या भाषेत नाही. पुष्कळजण या काळाला धंदा म्हणून मोडीत काढतात. मला ते पटत नाही. 'झॅक्स बाँ ताँ' लावा आणि पहिल्या दिवशी पेटीवर केलेला तो आत-बाहेरीचा झटका शोधा. सापडेल. रॉक आहे, न्यू ऑर्लिन्सचा रिदम अँड ब्लूज आहे, झायडेको (क्रिओल लोकांचं अकॉर्डियनवरचं नाचाचं संगीत) आहे, शब्द इंग्रजी आहेत, आणि भाता मात्र जुनीच भाषा बोलतोय. दहा-बारा वर्षं त्या माणसाची मातृभाषा त्याच्या डाव्या हाताने सांभाळली असं मी मानते. बाबा मुंबईला गिरणीत होते तेव्हा घरात पेटी नव्हती, तर जेवायच्या टेबलावर बोटं फिरवायचे, त्याची मला आठवण येते.

या चार अल्बमांना एक रविवार द्या. आवडो न आवडो, ऐका. ते ऐकले नाहीत तर पुढचा अल्बम नुसता छान वाटेल, त्याचं वजन कळणार नाही.

१९९४ च्या ऑगस्टमध्ये कॅनडातल्या न्यू ब्रन्सविक प्रांतात पहिली जागतिक अकेडियन परिषद भरली. जगभर विखुरलेले अकेडियन वंशाचे लोक, ज्यांचे पूर्वज १७५५ मध्ये तुटले, ते आडनावांनुसार एकमेकांना भेटले. रिशार तिथे गेले आणि तिथून परतले ते फ्रेंचमध्ये लिहायला. घरी राहून जे झालं नव्हतं ते, पूर्वजांना जिथून हाकललं त्या मुलखात जाऊन झालं.

त्यातून १९९६ ला आला 'काप आँराजे'. नाव न्यू ब्रन्सविकच्या किनाऱ्यावरच्या एका भूशिराचं, फंडीच्या उपसागरातलं. कॅनडात तो डबल प्लॅटिनम झाला. त्याच वर्षी त्यांनी लुइझियानात फ्रेंच टिकवण्यासाठी 'आक्स्याँ कादिएन' ही संस्था उभी केली, म्हणजे हे नुसतं गाण्यापुरतं नव्हतं. हा अल्बम कसा ऐकायचा? रात्री, हेडफोन लावून, दिवे मालवून. आणि पेटी जवळ ठेवून. 'रेव्हेय'मधला ओरडणारा गळा आता खाली आलाय. स्वर सोडताना ते घाई करत नाहीत. दोन गाणी ऐकून झाल्यावर थांबा, त्यातल्या एखाद्या ओळीची धून पेटीवर काढा, अगदी हळू, भात्याला कुठे झटका द्यावासा वाटतो ते बघा. मला असं दिसलं की जुन्या गाण्यांत झटका नाचासाठी होता, इथे तो श्वासासाठी आहे. तुम्हाला दुसरं काही दिसेल.

हाच अल्बम मी मॉमॉंकडे घेऊन गेले. त्या भेंडी चिरत होत्या, गंबो या इथल्या दाट रश्श्यासाठी. तिसऱ्या गाण्याला सुरी खाली ठेवून म्हणाल्या, "हा तर आमच्यासारखं बोलतोय." आणि मग माझ्याशी फ्रेंचमध्ये बोलल्या, पहिल्यांदा. माझी पुण्याची फ्रेंच मी त्या दिवशी मोडूनतोडून त्यांच्यासारखी करायचा प्रयत्न केला. 'इसित' म्हटलं तेव्हा त्या हसल्या. त्या आता नाहीत. भेंडीचा तो वास मात्र 'काप आँराजे'ला कायमचा चिकटलाय.

यानंतर एक उडी मारा, २०१२ च्या 'ल फू'वर. फ्रेंचमध्ये 'फू' म्हणजे वेडा, आणि गॅनेट या समुद्रपक्ष्याचंही तेच नाव आहे. एप्रिल २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन या तेलविहिरीच्या मंचावर स्फोट झाला, अकरा माणसं गेली, ८७ दिवस तेल समुद्रात वाहत राहिलं. तेलात माखलेला जो पहिला पक्षी जिवंत हाती लागला तो एक तरुण गॅनेट होता. हे पक्षी उत्तरेला, क्वेबेक आणि अटलांटिक कॅनडाच्या कड्यांवर घरटी करतात आणि हिवाळ्यात आखातात उतरतात. म्हणजे अकेडियातून लुइझियानाकडे. शीर्षकगीत ऐकण्याआधी नकाशावर ही वाट बोटाने आखा. त्याच २०१० मध्ये रिशार यांना पक्षाघाताचा झटका आला होता, हेही मनात असू द्या. माझा नवरा तेलाच्याच कामावर इथे आलेला. ते उन्हाळ्याचे महिने आमच्या घरात फारसं कुणी बोलत नव्हतं. म्हणून या गाण्याबद्दल मी तटस्थ राहून काही सांगू शकत नाही, फक्त ऐका म्हणते.

२०१४ मध्ये रिशार फ्रेंच लुइझियानाचे पहिले राजकवी ठरले. ज्या राज्यात मॉमॉंनी ते वाक्य शेकडो वेळा लिहिलं, त्याच राज्यात.

आता प्रत्यक्ष यायचं असेल तर. ह्यूस्टनला खूप मराठी घरं आहेत. तिथून आय-१० महामार्ग धरून पूर्वेला साडेतीन तासांत, सुमारे ३५० किलोमीटरवर लफायेट येतं. एप्रिलच्या अखेरीस तिथे आंतरराष्ट्रीय संगीत महोत्सव असतो, ऑक्टोबरमध्ये जिरार्ड पार्कात 'फेस्टिवाल अकादियाँ ए क्रिओल'. दोन्हींना तिकीट नाही. पण महोत्सवापेक्षा एखादा साधा शनिवार निवडा. सकाळी ममू गावच्या फ्रेड्स लाउंजमध्ये केजन बँड वाजतो आणि रेडिओवरून तो प्रसारित होतो. न्याहारीच्या वेळेला सत्तरीतली जोडपी वॉल्ट्झ करताना दिसतात. त्याच सकाळी युनिसला सव्हॉय यांच्या अकॉर्डियनच्या दुकानात गोल करून बसलेली माणसं वाजवत असतात. मुलांना घेऊन जा. नाचाच्या रात्रीला इथे 'फे दो दो' म्हणतात, आणि त्याचा शब्दशः अर्थ 'झोप बाळा' असा आहे.

अशा जॅममध्ये, म्हणजे गोल करून वाजवण्याच्या बैठकीत, बसायचं तर काही गोष्टी पाळा. पेटी बाहेर काढू नका, तिचा स्वर त्यांच्या उतरवलेल्या गंधारावर घासतो. लोखंडी त्रिकोण, ज्याला 'ति फेर' म्हणतात आणि जो पूर्वी गवत गोळा करायच्या दाताळ्याच्या दातांपासून बनवत, तो एका वेळी एकानेच वाजवायचा. हे मला ठाऊक नव्हतं. झांज वाजवायची सवय, म्हणून मी दुसरा उचलला आणि जोरात सुरू झाले. शेजारच्या एका आजोबांनी माझ्या मनगटावर बोट ठेवलं, काही बोलले नाहीत. धून संपल्यावर स्वतःचा त्रिकोण माझ्या हातात दिला. तुम्हाला मिळाला तर हात मोकळा ठेवा, मूठ आवळून नाद बंद करायचा आणि सोडायचा, वाढवू नका. आणि कुणाशी फ्रेंच बोलायची असेल तर आधी त्यांना बोलू द्या.

परतताना आय-१० वर स्कॉटला उतरा. तिथे बुदँ मिळतं, म्हणजे भात आणि डुकराचं मांस भरलेलं गरम आतडं, कागदात गुंडाळून देतात. लोक गाडीतच बसून खातात. मांस खात नसाल तर नुसतं थांबा. आता 'हाय टाइम' लावा, इलेक्ट्रासाठी केलेला तो पहिला अल्बम. तो प्रसिद्ध व्हायला २००० साल उजाडलं, 'काप आँराजे'नंतर चार वर्षांनी. न्यूयॉर्कला निघालेला एक पोरगा इंग्रजीत गातोय, आणि त्याच्या खिशात अकॉर्डियनचे पैसे आहेत. काच खाली करा. त्याचं गाव बाहेरच आहे.